पोलीसशास्त्र, जर्मनभाषक देशांतील

पोलीस यंत्रणा, तिचे काम आणि तिची माणसे यांचा अभ्यास करणारी विद्याशाखा. ‘पोलिझायविसेनशाफ्ट’ हे तिचे जर्मन नाव जुने असले, तरी आजचा आशय अलीकडचा आहे. अठराव्या शतकात या नावाखाली अख्खा राज्यकारभार शिकवीत : बाजार, रस्ते, स्वच्छता, लोकसंख्या. योहान फोन युस्टी यांचा या विषयावरील ग्रंथ १७५६ मध्ये निघाला. व्हिएन्ना विद्यापीठात योझेफ फोन सोनेनफेल्स १७६३ पासून तो विषय शिकवू लागले.

पुढे पोलिसांचा अधिकारच आक्रसला. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग टेकडीवरील स्मारक झाकले जाऊ नये म्हणून पोलिसांनी भोवतालच्या घरांच्या उंचीवर बंधन घातले होते. परवाना नाकारलेला एक जमीनमालक न्यायालयात गेला. १८८२ मध्ये प्रशियाच्या वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने ते बंधन रद्द केले : पोलिसांनी धोका टाळावा, देखावा राखणे हे त्यांचे काम नव्हे. विद्यापीठांत या शास्त्राची जागा प्रशासकीय कायद्याने घेतली.

समाजशास्त्रज्ञांनी पोलिसांकडे मोर्चा वळवला तो १९७० च्या सुमारास. योहानेस फेस्ट आणि एर्हार्ड ब्लांकेनबुर्ग यांनी गस्तीवर सोबत राहून टिपणे काढली आणि १९७२ मध्ये दाखवून दिले, की कोणाला संशयित ठरवायचे हे बरेचसे रस्त्यावरचा शिपाईच ठरवतो. स्वतः पोलिसात राहिलेले राफाएल बेअर यांनी २००० मध्ये यंत्रणेची अधिकृत संस्कृती आणि शिपायांची आपसातली रीत यांतला फरक मांडला. या शाखेचे खरे बळ अशा जवळून केलेल्या निरीक्षणांत आहे.

बोखुम विद्यापीठात टोमास फेल्टेस यांनी २००२ पासून गुन्हेशास्त्राच्या जोडीने हा विषय चालवला. म्युन्स्टर येथील पोलीस नेतृत्व प्रबोधिनीला पुढे कायद्याने उच्चशिक्षण संस्थेचा दर्जा मिळाला, तेथे पीएच.डी.ही करता येते. ऑस्ट्रियात अधिकाऱ्यांसाठी पदवी अभ्यासक्रम आहे. स्वित्झर्लंडमध्ये पोलीस कँटनांच्या, म्हणजे घटक राज्यांच्या, ताब्यात आहेत; त्यामुळे हा अभ्यासही विखुरलेला आहे.

हे स्वतंत्र शास्त्र, की कायदा, समाजशास्त्र, मानसशास्त्र यांचा सामाईक प्रांत, हा वाद चालूच आहे. त्याहून कळीचा प्रश्न प्रवेशाचा : संशोधकाला ठाण्यात शिरायला गृहखात्याची परवानगी लागते. बोखुमच्या २०१८ मधील बेकायदा पोलीस बळवापरावरील अभ्यासाने थेट पीडितांनाच विचारले. ३,३०० हून अधिक जणांनी उत्तरे दिली. २०२० मध्ये पोलिसांतील वंशद्वेषाच्या स्वतंत्र पाहणीस जर्मन गृहमंत्र्यांनी नकार दिला. त्याऐवजी पोलिसांच्या दैनंदिन कामाची व्यापक पाहणी ठरली, आणि ती सोपवली गेली म्युन्स्टरच्या त्याच पोलीस उच्चशिक्षण संस्थेकडे.