'संसय' : गर्भिणीच्या मनोव्यथेची पाली साक्ष

गर्भिणीची मनोव्यथा हा केवळ आधुनिक वैद्यकाचा विषय आहे, असा समज आढळतो. पाली वाङ्मयाची साक्ष निराळी आहे. मज्झिमनिकायातील महातण्हासङ्खयसुत्तात माता नऊ-दहा महिने गर्भाचा भार वाहते व प्रसूत होते, ती मोठ्या 'संसया'ने, असे म्हटले आहे. हा 'संसय' म्हणजे नुसती शंका नव्हे, जिवाची धास्ती होय, असे आम्हांस वाटते.

उदानातील कोलियकन्या सुप्पवासा सात वर्षे गर्भ वाहते व सात दिवस वेणा सोसते. या आकड्यांचा शब्दशः अर्थ घेण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की, बुद्ध, धम्म व संघ यांच्या स्मरणाने ती धीर धरते आणि आपली अवस्था कळविण्यासाठी पतीला तथागतांकडे धाडते. अङ्गुलिमालसुत्तात श्रावस्तीत अडलेल्या स्त्रीला पाहून अङ्गुलिमालाचे अंतःकरण द्रवते. आर्यजन्म लाभल्यापासून आपण जाणूनबुजून प्राणिहत्या केली नाही, या सत्यवचनाने तो तिचे कल्याण चिंतितो. ज्याच्या नावाने गावे ओस पडली, त्याच्याच मुखातून तिला अभय मिळते. श्रीलंकेत गर्भवतीसाठी हे परित्त आजही म्हटले जाते. शब्दोच्चाराने प्रसूती सुकर होते, असे आमचे प्रतिपादन नाही. भयभीत स्त्रीला एकटे सोडू नये, हा या परंपरेचा आशय आम्ही मोलाचा मानतो.

आजचे वैद्यक या आशयाला दुजोरा देते. दीर्घकाळच्या तणावाने कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांचा तोल ढळू शकतो. तीव्र तणावाचा संबंध अकाली प्रसूती व अर्भकाचे कमी वजन यांच्याशी आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील सुमारे १० टक्के गर्भवतींना मानसिक विकार, मुख्यतः नैराश्य, जडतो. विकसनशील देशांत हे प्रमाण १५.६ टक्के आहे. प्रसूतिकाळी स्त्रीच्या पसंतीची सोबत असावी, अशी शिफारस याच संघटनेने २०१८ साली केली.

तथापि धीराच्या शब्दांनी पोटाची चिंता मिटत नाही. गर्भिणीच्या धास्तीत बुडणाऱ्या मजुरीची धास्तीही असते. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूति-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतीपूर्वी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, असे प्रतिपादन केले. १९२९ साली तो कायदा झाला. मात्र त्याचा लाभ कारखान्यांतील स्त्रियांपुरता होता. आजही शेतमजूर व घरकामगार भगिनींना भरपगारी रजा दुर्लभच आहे. त्यांचा 'संसय' दूर करणे, हे करुणेइतकेच न्यायाचेही कार्य आहे, असे आम्ही मानतो.