लिफ्टमध्ये अडकलेला पुरावा

शनिवार, ऑफिस सुटायची वेळ. ज्युलियन ताव्हेर्निए हा माजी छत्रीधारी सैनिक आकड्याचा दोर लावून खिडकीतून वरच्या मजल्यावर चढतो. शस्त्रांचा व्यापारी असलेल्या मालकाला, सिमोन कारालाला, त्याच्याच पिस्तुलाने मारतो आणि आत्महत्येचा देखावा उभा करतो. मालकाची बायको आणि ज्युलियनची प्रेयसी फ्लोरांस कॅफेत त्याची वाट बघतेय. लुई मालच्या ‘आसांसर पूर लेशाफो’त (१९५८) इथवर सगळं बिनबोभाट पार पडतं.

काही मिनिटांनी. गाडीत बसताना ज्युलियनला वर लोंबणारा दोर दिसतो. गाडी चालूच ठेवून तो परत लिफ्टमध्ये शिरतो. पहारेकरी मेन स्विच बंद करून घरी जातो आणि लिफ्ट मजल्यांच्या मध्येच थांबते. ज्या दोरासाठी हा मागे फिरला, तो पुढे आपोआप खाली पडतो आणि एक लहान मुलगी तो उचलून नेते!

तेवढ्यात जवळच्या फुलांच्या दुकानातल्या मुलीचा मित्र लुई, तिला शेजारी बसवून, ती गाडी पळवतो. फ्लोरांसला गाडी जाताना दिसते, आत ती मुलगीही दिसते. तिचा व्हायचा तो समज होतो.

रात्रभर ती पॅरिस तुडवते. छायाचित्रकार आंरी दकाएने कॅमेरा बाबागाडीत ठेवून, दुकानांच्या काचांतून येणाऱ्या उजेडावर फ्लोरांस झालेल्या जान मोरोचं हे भटकणं टिपलं. सोबत माइल्स डेव्हिसचा ट्रम्पेट. दृश्यं बघत-बघत डिसेंबर १९५७ मध्ये एका रात्रीत वाजवलेला. कथानक इथे जागचं हलत नाही, तरी माझ्या मते चित्रपट इथेच आहे.

त्याच रात्री, मोटेल. लुई ज्युलियनच्या नावाने खोली घेतो. पुढे जर्मन जोडप्याची मर्सिडीज चोरताना पकडला जातो आणि गाडीत सापडलेल्या ज्युलियनच्याच पिस्तुलाने दोघांनाही गोळ्या घालतो.

रविवार सकाळ. वीज येते, ज्युलियन सुटतो आणि पकडलाही जातो, तो न केलेल्या खुनांसाठी. रात्री कुठे होतास? खरं सांगावं, तर केलेला खून गळ्यात येतो.

शेवटचे तास. गाडीत राहिलेल्या ज्युलियनच्या कॅमेऱ्यातल्या रिळावर लुईचे जर्मनांसोबतचे फोटो निघतात, म्हणजे त्या दोन खुनांतून ज्युलियन सुटला. पण त्याच रिळावर फ्लोरांससोबतचे जुने फोटोही आहेत. अख्ख्या चित्रपटात हे प्रेमिक एकत्र दिसतात ते फक्त तिथे, आणि शेजारी इन्स्पेक्टर उभा आहे.