विद्युत मोटारसायकलच्या पल्ल्याचे व्यवस्थापन

पूर्ण चार्ज केलेल्या बॅटरीवर विद्युत मोटारसायकल जितके अंतर कापू शकते, त्यास तिचा पल्ला (रेंज) असे म्हणतात. उपलब्ध ऊर्जा, वेग, रस्त्याचा चढ-उतार, वारा व तापमान यांचा मेळ घालून इच्छित स्थळी सुरक्षितपणे पोहोचण्याच्या नियोजनास पल्ल्याचे व्यवस्थापन म्हटले जाते. वाटेत बॅटरी संपेल या धास्तीचा उल्लेख 'पल्ल्याची चिंता' असा केला जातो.

पार्श्वभूमी

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ किलोवॅट-तास, म्हणजे विजेच्या बिलातील ९ युनिट इतकी ऊर्जा असते. इंजिन तिच्यातील जेमतेम पाव हिस्सा उपयोगात आणते. विद्युत मोटार मात्र मिळालेल्या ऊर्जेचा बहुतांश भाग चाकांपर्यंत पोहोचवते. तरीही बॅटरी वजनाच्या मानाने फारच कमी ऊर्जा साठवते आणि मोटारसायकलवर मोठी बॅटरी बसवण्यास जागाही अपुरी असते. त्यामुळे मोटारगाडीच्या तुलनेत येथे ऊर्जेच्या काटकसरीस अधिक महत्त्व आहे.

पल्ल्यावर परिणाम करणारे घटक

वेग : हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किमीऐवजी ७० किमी वेगाने गेल्यास प्रत्येक किलोमीटरमागे हवेशी झुंजण्यात खर्च होणारी ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते. रिव्होल्ट आरव्ही ४०० या भारतीय मोटारसायकलची बॅटरी ३.२४ किलोवॅट-तासांची आहे. उत्पादकाने तिचा पल्ला इको पद्धतीत १५० किमी, नॉर्मलमध्ये १०० किमी व स्पोर्टमध्ये ८० किमी असा जाहीर केला होता. बॅटरी तीच असूनही पडणारा हा फरक मुख्यतः वेगाचा आहे.

वारा : ताशी ५० किमी वेगाने जाताना समोरून ताशी २० किमी वेगाचा वारा असल्यास हवेचा रोध ताशी ७० किमी वेगाइतका होतो. सरळ ताठ बसणे, सैल कपडे व बाजूला लटकवलेले रुंद सामान यांनीही रोध वाढतो.

चढ : स्वारासह २५० किलोग्रॅम वजनाची मोटारसायकल ५०० मीटर उंच चढवण्यास किमान ०.३४ युनिट ऊर्जा लागते. खोपोलीहून लोणावळ्यास जाताना साधारण इतकाच चढ चढावा लागतो. उतारावर पुनर्जनन ब्रेकिंगमुळे या ऊर्जेचा काही भाग परत मिळतो. मात्र पुनर्जनन बहुधा मागील चाकापुरते असते आणि ब्रेक लावताना वजनाचा मुख्य भार पुढील चाकावर येतो, त्यामुळे ही प्राप्ती मर्यादित राहते. बॅटरी पूर्ण भरलेली असल्यास परत येणारी ऊर्जा साठवता येत नाही. म्हणून घाटमाथ्यावरून लगेच खाली उतरायचे असल्यास तेथे बॅटरी शंभर टक्के भरणे टाळतात.

तापमान : थंडीत लिथियम-आयन बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो व उपलब्ध ऊर्जा घटते. अतिउष्णतेत बॅटरी व्यवस्थापन प्रणाली संरक्षणासाठी मोटारीची शक्ती कमी करते.

टायर : हवेचा दाब कमी असल्यास घर्षण वाढते. या घटकावर स्वाराचे पूर्ण नियंत्रण असते. प्रवासापूर्वी दाब तपासणे पुरेसे ठरते.

प्रवासाचे गणित

प्रमाणित चाचणीतील पल्ला ठरावीक वेगक्रमानुसार मोजलेला असतो. प्रत्यक्षात तो सहसा कमी भरतो. म्हणून स्वाराने आपल्या नेहमीच्या मार्गावर दर किलोमीटरचा खर्च नोंदवणे अधिक विश्वसनीय ठरते. उदाहरणार्थ, ४ युनिटच्या बॅटरीवर सपाटीवरील खर्च किलोमीटरला ३० वॉट-तास असल्यास पल्ला सुमारे १३३ किमी येतो. २० टक्के ऊर्जा राखीव ठेवल्यास तो १०६ किमी उरतो. वाटेत वर सांगितल्याइतका चढ असल्यास मोटारीतील व्ययासह सुमारे ०.४ युनिट, म्हणजे सपाटीवरील १३ किमीची ऊर्जा, आणखी वजा करावी लागते. अशा प्रवासात ९० किमीच्या आत चार्जिंगची सोय शोधणे शहाणपणाचे ठरते.

फलकावर दिसणारा उर्वरित पल्ला अलीकडच्या वापरावरून काढलेला अंदाज असतो. सपाटीवरून येऊन घाट सुरू होताच तो झपाट्याने घसरू शकतो. बॅटरी अगदी कमी उरल्यावर अनेक वाहनांचा वेग आपोआप मर्यादित होतो. महामार्गावर वा घाटात ही स्थिती धोकादायक ठरते. अंदाज चुकत असल्याचे लक्षात येताच वेग कमी करणे हा सर्वांत परिणामकारक उपाय होय.

चार्जिंग

सुमारे ८० टक्क्यांनंतर चार्जिंगचा वेग मंदावतो. म्हणून जलद चार्जिंगची सोय असलेल्या वाहनावर लांबच्या प्रवासात पूर्ण भरेपर्यंत थांबण्याऐवजी दोन-तीन छोटे थांबे घेणे वेळ वाचवणारे असते. गोठणबिंदूखाली चार्जिंग केल्यास बॅटरीस कायमची इजा पोहोचू शकते. वाहन दीर्घकाळ उभे ठेवायचे असल्यास बॅटरी साधारण निम्मी भरलेली ठेवतात.

शर्यती व दीर्घ प्रवास

२००९ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावर विद्युत मोटारसायकलींची टीटीएक्सजीपी शर्यत झाली. पेट्रोल वाहनांची सीनियर टीटी तेव्हा सहा फेऱ्यांची होती, तर विद्युत वाहनांसाठी ६०.७ किमीची एकच फेरी ठेवण्यात आली. रॉब बार्बर यांनी ती ताशी सुमारे १४१ किमी या सरासरी वेगाने जिंकली. पुण्याच्या टॉर्क चमूनेही या शर्यतीत भाग घेतला होता. २०१९ मध्ये इव्हान मॅकग्रेगर व चार्ली बोरमन यांनी हार्ले-डेव्हिडसन लाइव्हवायर या मोटारसायकलींवर अर्जेंटिनातील उशुआइया ते लॉस एंजेलिस असा सुमारे २१,००० किमीचा प्रवास केला. पॅटागोनियातील थंडी व चार्जिंगच्या अपुऱ्या सोयी यांमुळे पल्ल्याचे नियोजन हाच त्यांच्या प्रवासाच्या प्रारंभीचा मोठा प्रश्न ठरला.

हेही पाहा

विद्युत वाहन
लिथियम-आयन बॅटरी
पुनर्जनन ब्रेकिंग