डायरीला दोन सेल असतात

चितळे रोडजवळच्या एका बोळात माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानातल्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि त्यात एकवीस डिजिटल डायऱ्या पडून आहेत. लोकांनी त्या दुरुस्तीला दिल्या आणि परत न्यायला आलेच नाहीत. मधल्या काळात मोबाइल आले आणि डायरीची गरज संपली. पण ज्यांनी नव्वदच्या दशकात नगरमध्ये, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, व्यापार केला, नोकरी केली किंवा पुढारपण केलं, त्यांना त्या डायरीचा रुबाब अजून आठवत असेल. शर्टाच्या खिशात पेन आणि पेनाशेजारी ही डायरी. कुणी नंबर विचारला की झाकण उघडायचं, दोन-चार बटणं दाबायची आणि मान किंचित मागे घेऊन नंबर वाचून दाखवायचा. हा माणूस काहीतरी आहे, हे त्यातून समोरच्याला कळायचं.

मी मुळात चावीच्या घड्याळांचा कारागीर. सरकारी एचएमटीची घड्याळं खोलायची, धुवायची, तेल देऊन पुन्हा जोडायची, हे माझं शिक्षण. १९८७ मध्ये टायटनची घड्याळं बाजारात आली, क्वार्ट्झचा जमाना सुरू झाला आणि माझ्यासारखे कारागीर हळूहळू सेल बदलणारे झाले. त्याच सुमारास मुंबईहून, आखातात नोकरी करणाऱ्या नातलगांकडून या डायऱ्या नगरमध्ये यायला लागल्या. सेलवर चालणारी बारीक वस्तू म्हणजे घड्याळवाल्याचं काम, असं लोकांनीच ठरवून टाकलं. मला कुणी शिकवलं नाही. मी चुकत चुकत शिकलो आणि त्यातली एक चूक आज सांगणार आहे.

त्याआधी या वस्तूचा थोडा इतिहास सांगतो. नावं आणि फोन नंबर साठवणारी खिशातली यंत्रं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला जपानी कंपन्यांनी बाजारात आणली. 'डिजिटल डायरी' हे कॅसिओ कंपनीनं आपल्या मालाला दिलेलं नाव. पण कुठल्याही वनस्पती तुपाला जसं आपण डालडा म्हणतो, तसं ते आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या यंत्राला चिकटलं. इंग्लंडमध्ये सायन कंपनीनं १९८४ मध्ये 'ऑर्गनायझर' काढला. त्यात माहिती साठवायला एक वेगळा तुकडा बसवावा लागे. सेल संपला तरी त्यातलं लिखाण जात नसे. पुसायचंच असेल तर तो तुकडा अतिनील प्रकाशाखाली ठेवावा लागे. आपल्याकडे ज्या स्वस्त डायऱ्या आल्या, त्यांत ही सोय नव्हती. त्यांची स्मरणशक्ती ३२ किंवा ६४ केबी. ६४ केबी म्हणजे साधारण पासष्ट हजार अक्षरं, छापील पुस्तकाची तीसेक पानं. तेवढ्यात माणसाचा सगळा गोतावळा बसवायचा.

तोही इंग्रजी अक्षरांत. माझ्याकडे येणाऱ्या एकाही डायरीला देवनागरी येत नव्हती. नेवाशाच्या या जिल्ह्यात ज्ञानेश्वर नावाची माणसं गल्लोगल्ली. आता ज्ञानेश्वर डी या अक्षराखाली शोधायचा की जी खाली? ज्यानं नाव भरलं त्यालाच ते सापडायचं. कित्येक घरी डायरी वडिलांची आणि भरणारा कॉलेजातला मुलगा, अशी वाटणी असे. मुलगा पुण्याला शिकायला गेला की वडील डायरी घेऊन माझ्याकडे येत. म्हणत, "बिघडली बघा, ज्ञानोबाच सापडत नाही."

आता मुख्य मुद्दा. चावीचं घड्याळ बंद पडलं तर वेळ थांबते. चावी दिली की ते पुन्हा चालू लागतं. डायरीचं तसं नव्हतं. तिच्या आतली स्मरणशक्ती अशी, की विजेचा अगदी बारीक प्रवाह सतत मिळत राहिला तरच ती टिकायची. ओंजळीत पाणी धरल्यासारखं. हात सुटले की संपलं. म्हणून चांगल्या डायरीत दोन ठिकाणी सेल असत. एक मुख्य, पडदा आणि बटणं चालवणारा. दुसरा राखीव, मुख्य सेल बदलत असताना स्मरणशक्ती धरून ठेवणारा. नियम एकच: दोन्ही एका वेळी काढायचे नाहीत. तो नियम झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक इंग्रजीत छापलेला असे आणि वाचत कुणी नसे.

१९९९ साली, दसऱ्याच्या आधी, पाथर्डीकडचा एक मुकादम दुकानात आला. पाथर्डी, शेवगाव हा भाग ऊसतोडणीला जाणाऱ्या माणसांचा. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया पडला, त्याच जिल्ह्याच्या कोरड्या बाजूची माणसं दर हिवाळ्यात कोयता घेऊन घर सोडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी त्यांना मुकादमामार्फत उचल मिळते आणि ती पुढं तोडणीच्या मजुरीतून फेडायची असते. या मुकादमानं कुणाला किती उचल दिली, कुणाची मागची बाकी किती, हे सगळं मुलाकडून डायरीत भरून घेतलं होतं. "शेठ, टायमाला ह्याच्यात काही दिसंना झालंय," असं म्हणून त्यानं डायरी काउंटरवर ठेवली.

पडदा फिका पडला होता. म्हणजे मुख्य सेल उतरलेला. पाच मिनिटांचं काम. मी मागचे स्क्रू काढले आणि घड्याळाच्या सवयीनं दोन्ही सेल चिमट्यानं उचलून बाजूला ठेवले. नवे बसवले. पडदा काळाभोर, स्पष्ट उमटला. तारीख आली १ जानेवारी. आत एकही नाव नव्हतं.

मुकादम बराच वेळ काही बोलला नाही. मीही नाही. मग मी त्याला विचारलं, "दुसरीकडं कुठं लिहून ठेवलंय का?" त्यानं मान हलवली. कागदाची वही ठेवायची नाही, म्हणून तर डायरी घेतली होती.

दोन दिवसांनी तो टोळीतल्या माणसांना घेऊन आला. दुकानाच्या पायरीवर आणि बोळात मिळून पंचवीसेक माणसं बसली. मी शेजारच्या स्टेशनरीच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली आणि एकेकाला विचारून लिहायला लागलो. मला वाटलं होतं, माणसं आकडे कमी करून सांगतील. बहुतेकांनी सांगितलेला आकडा मुकादमाच्या आठवणीशी जुळला. अडलं एका बाईपाशी. ती म्हणाली, "दोन हजार फेडलेत म्या, पोळ्याच्या दिशी. ह्यांच्या हातात दिलेत." मुकादम म्हणाला, "डायरीत असंल तर असंल." आणि दोघंही माझ्याकडं बघायला लागले. डायरीत काय होतं हे सांगू शकणारी एकमेव वस्तू माझ्याच हातानं कोरी झाली होती. शेवटी मुकादमानं हजार मान्य केले. ती बाई खरं बोलत होती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. पण ती खरं बोलत असेल, तर तिचे हजार रुपये मी बुडवले.

त्या दिवशी एक गोष्ट मात्र मी केली. पानाखाली कार्बन पेपर घालून लिहीत होतो. वही मुकादमाला दिली आणि कार्बनच्या प्रती ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. मुकादमाला ते फारसं आवडलं नाही. पण तो काही बोलू शकला नाही. आपल्या उचलीचा आकडा स्वतःच्या कनवटीला असण्याची त्यांतल्या कित्येकांची ती पहिलीच वेळ होती.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकांना नियम घालून दिला. आमच्या आडते बाजारातले, दाळमंडईतले व्यापारी लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा करतात. त्यांना मी सांगायचो, लक्ष्मीपूजनाला मुख्य सेल बदला आणि पाडव्याला राखीव. मध्ये रात्र गेली पाहिजे, म्हणजे दोन्ही एकदम निघायचा प्रश्नच नाही. सेलवरचे आकडेही वाचायला शिकवायचो. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, तीन व्होल्टचा लिथियम सेल. त्याच्या जागी २०२५ बसवला तर तोही तीन व्होल्टचाच; पण जाडीला कमी, म्हणून खिशात हिंदकळला की संपर्क तुटायचा. सेल बोटानं धरायचा नाही, कापडानं पुसून बसवायचा.

बाकीचे आजार सोपे होते. बटणं दबेनाशी झाली तर आतल्या रबराच्या काळ्या ठिपक्यांवर धूळ बसलेली असे; स्पिरिटचा हलका बोळा फिरवला की काम होई. पडद्यावरच्या ओळी गायब झाल्या तर पडदा आणि पाटी यांना जोडणारी रबरी पट्टी साफ करायची. मे महिन्यात एसटीच्या खिडकीशी ठेवलेल्या डायरीचा पडदा सगळा काळा पडे. लोक घाबरत. मी ती माठाशेजारी सावलीत ठेवायचो; तासाभरात पडदा ताळ्यावर यायचा. उघड-मीट करून बिजागरीतली वायर तुटली, तर मात्र इलाज नसे.

२००२-०३ च्या सुमारास सगळ्यांच्या टेलिफोन नंबरापुढे २ हा आकडा लागला. नगरचे सहा आकडी नंबर सात आकडी झाले. त्या काळात किती डायऱ्यांमध्ये मी एकेका नावापुढे २ घालत बसलो, त्याची मोजदाद नाही. यंत्र धडधाकट असूनही आतली माहिती शिळी होते आणि तिचीही देखभाल करावी लागते, हे तेव्हा कळलं.

पुढं जग बदललं. १९९६ मध्ये अमेरिकेत पाम पायलट आला. त्याच्या यशाचं एक कारण म्हणजे त्याच्यासोबत मिळणारं छोटं स्टँड. यंत्र त्यात ठेवून एक बटण दाबलं की सगळ्या माहितीची प्रत संगणकात जायची. आपल्या बंगळुरूत सिम्प्युटर तयार झाला. तो २००४ मध्ये बाजारात आला, पण रुजला नाही. तोशिबा कंपनीतले फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये मांडलेली फ्लॅश मेमरी स्वस्त झाली आणि मोबाइलमध्ये आली. तिला स्मरणासाठी सेल लागत नाही. माझा दोन सेलांचा नियम कालबाह्य झाला.

पण तो खरंच कालबाह्य झाला का? १९४८ च्या १ जूनला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली. तेव्हापासून कित्येक वर्षं कंडक्टरच्या हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच होता. २०१० च्या आसपास हातातली इलेक्ट्रॉनिक तिकीट मशीन आली. तरी मशीन रस्त्यात बंद पडली तर असावा म्हणून कंडक्टर ट्रे बरोबर बाळगत. मला ते बघून बरं वाटायचं. ट्रे हाच त्यांचा राखीव सेल.

आज माझ्याकडे मोबाइल घेऊन पोरं येतात. फोन पाण्यात पडलेला असतो, पासवर्ड विसरलेला असतो, फोटो आणि नंबर आत अडकलेले असतात. आईचा नंबर पाठ आहे का, विचारलं तर हसतात. मी फोन उघडण्याआधी त्यांना तोच प्रश्न विचारतो, जो मी त्या मुकादमाला विचारला होता. फक्त तेव्हा तो मी उशिरा विचारला होता. दुसरीकडं कुठं लिहून ठेवलंय का?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)