रजिस्ट्री सफाईचा धंदा

संगणक मंदावला की रजिस्ट्री साफ करावी, हा सल्ला विंडोज वापरणाऱ्यांत इतका मुरला आहे की तो आला कुठून, हे सहसा कुणी विचारत नाही. दुरुस्तीवाला तो देतो, जाणकार भाचा देतो, जाहिरात तर देतेच. या सल्ल्याला एके काळी आधार होता. तो काळ साधारण १९९५ ते २००१ असा होता. पुढे विंडोजची रचना बदलली आणि आधार गेला, पण सफाईची सॉफ्टवेअरं विकणारा धंदा खरा फोफावला तो त्यानंतर. घरच्या संगणकासाठी रजिस्ट्री क्लीनर घ्यावा का, घेतलाच तर कसा वापरावा, या प्रश्नांची उत्तरं या इतिहासात आहेत. जाहिरातींतले दावे एकमेकांशी ताडून ती मिळणार नाहीत.

रजिस्ट्री आली त्याआधी विंडोजची आणि प्रोग्रॅमांची सेटिंग्ज साध्या मजकुराच्या फाइलींत असत. विन.इनी आणि सिस्टिम.इनी या त्यांतल्या मुख्य. प्रत्येक प्रोग्रॅम त्यांत आपल्या ओळी घाली, शिवाय स्वतःची वेगळी इनी फाइल ठेवी. अशा फाइलीला ६४ केबीची मर्यादा होती, आणि एकाच संगणकावर दोघांची सेटिंग्ज वेगवेगळी ठेवण्याची धड सोय नव्हती. १९९२च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री पहिल्यांदा आली, पण तिचं काम मर्यादित होतं: कोणती फाइल कोणत्या प्रोग्रॅममध्ये उघडायची, एका प्रोग्रॅमचा भाग दुसऱ्यात कसा बसवायचा, एवढंच. सगळ्या सेटिंग्जचं मध्यवर्ती कोठार म्हणून ती १९९३च्या विंडोज एनटीत उभी राहिली आणि ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर घराघरांत पोहोचली. तिथे सिस्टिम.डॅट आणि युजर.डॅट या दोन लपवलेल्या फाइलींत सगळा संसार होता. त्या बिघडल्या तर विंडोज सुरूच होत नसे, म्हणून संगणक नीट सुरू झाला की त्यांची एक प्रत बाजूला ठेवली जाई.

सफाईची गरज जन्मली ती या विंडोज ९५ आणि ९८च्या दिवसांत, आणि ती गरज खरी होती. विंडोज ९५ अवघ्या ४ एमबी रॅमवर चालावं अशी अपेक्षा होती; ९८ला किमान १६ एमबी लागे. त्या मानाने काही एमबींची रजिस्ट्री म्हणजे मोठं ओझं. प्रोग्रॅम काढून टाकणारी यंत्रणा कच्ची होती, नोंदी मागे राहत, आणि नोंद पुसली तरी तिची रिकामी जागा फाइलीत तशीच पडून राही. खुद्द मायक्रोसॉफ्टने ही अडचण मान्य केली होती. कंपनीने रेगक्लीन नावाचं छोटं साधन फुकट दिलं. ते चुकीच्या नोंदी शोधून पुसत असे आणि पुसलेलं परत आणता यावं म्हणून आधी एक अनडू फाइल तयार करत असे. विंडोज ९८ मध्ये तर स्कॅनरेग हे साधन आतच आलं. ते रजिस्ट्री तपासे, रिकामी जागा फार झाली तर ती फाइल नव्याने बांधे, आणि मागच्या पाच प्रती सांभाळून ठेवी. नॉर्टन युटिलिटीजसारख्या विकत मिळणाऱ्या संचांतही अशी साधनं होती. रेगक्लीन मात्र मायक्रोसॉफ्टने पुढे मागे घेतलं आणि त्याच्या जागी नवं काही दिलं नाही. बाजाराने ही गोष्ट फारशी मनावर घेतली नाही. ती घ्यायला हवी होती.

कारण २००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि घरगुती संगणक ९५-९८ची पडकी इमारत सोडून एनटीच्या पायावर गेला. विंडोज २००० पर्यंत रजिस्ट्रीच्या एकूण आकारावर जी मर्यादा होती, तीही एक्सपीत उठली. नोंद शोधण्याची पद्धत तर आधीपासूनच अशी होती की प्रोग्रॅम पूर्ण पत्ता देऊन नेमकी नोंद मागतो. तो सगळी रजिस्ट्री चाळत बसत नाही. तलाठ्याला गट क्रमांक सांगितला की तो थेट तेच पान काढतो, गावात पडीक जमिनीच्या नोंदी किती आहेत याने त्याला फरक पडत नाही, तसंच हे. आकडेही मांडून पाहावेत. आजच्या विंडोजमध्ये रजिस्ट्रीची सॉफ्टवेअर ही एकच फाइल शंभर एमबीच्या आसपास असू शकते. क्लीनरने हजार नोंदी पुसल्या आणि एकेक नोंद दोनशे बाइटची धरली, तरी २०० केबी होतात. ८ जीबी रॅमच्या संगणकात त्याचा वेगावर काय परिणाम होणार? विंडोजच्या अंतर्भागाचे मान्यवर अभ्यासक मार्क रुसिनोविच यांनी २००५ मध्ये हेच सांगितलं: रजिस्ट्रीत कचरा साचतो हे खरं, पण संपूर्ण रजिस्ट्रीत शोध घ्यायचा प्रसंग सोडला तर त्याने कामाचा वेग जाणवण्याइतका घटत नाही. आज मायक्रोसॉफ्टचं अधिकृत धोरण आहे की रजिस्ट्री क्लीनरच्या वापराला कंपनीचा पाठिंबा नाही, आणि त्यातून बिघाड झाला तर विंडोज पुन्हा टाकावं लागू शकतं.

बिघाड होतो कसा, हे एका नोंदीवरून दिसेल. रजिस्ट्रीच्या क्लासेस रूट विभागात सीएलएसआयडी या शाखेखाली महिरपी कंसांत बत्तीस अंक-अक्षरांचे लांबलचक क्रमांक असतात. अशा एका क्रमांकाखाली ‘इनप्रॉकसर्व्हर३२’ नावाची उपशाखा असते आणि तिच्यात एखाद्या डीएलएल फाइलीचा पत्ता. क्लीनर तो पत्ता वाचतो, डिस्कवर फाइल शोधतो, सापडली नाही की नोंद ‘अवैध’ ठरवतो. पण ती फाइल आत्ता न जोडलेल्या बाहेरच्या डिस्कवर असू शकते, बंद असलेल्या नेटवर्कवर असू शकते, किंवा प्रोग्रॅम गरज पडेल तेव्हा ती स्वतः बसवणार असतो. काही नोंदींच्या बाबतीत तर नोंद असणं हीच माहिती असते. तिच्यात दुसरं काही लिहिलेलंच नसतं. नोंद मेलेली आहे की झोपलेली, हे तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच ठाऊक. बाहेरचा क्लीनर अंदाज करतो. तो शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबर आला, तरी त्या नव्व्याण्णवांतून आपल्याला काही मिळत नाही आणि उरलेल्या एकात प्रिंटर किंवा ऑफिस बंद पडतं. हे काम खुद्द मायक्रोसॉफ्टलाही सुरक्षितपणे जमलं नाही. अर्धवट बसलेल्या प्रोग्रॅमच्या नोंदी काढणारं विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप हे साधन कंपनीने २०१० मध्ये मागे घेतलं, कारण त्याने काही वेळा संगणकावरच्या इतर भागांचं नुकसान होत होतं.

मग गरज सरल्यावरही धंदा टिकला कशावर? माझ्या मते भीतीवर. २००८ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरलने ‘रजिस्ट्री क्लीनर एक्सपी’ विकणाऱ्यांवर खटला भरला. विंडोजच्या मेसेंजर सेवेतून लोकांच्या पडद्यावर रजिस्ट्री बिघडल्याचे इशारे झळकत. ते विंडोजनेच दिलेत असं वाटे, आणि उपाय म्हणून ३९.९५ डॉलरचं सॉफ्टवेअर पुढे केलं जाई. पुढे हीच युक्ती दुकानांत आली. ऑफिस डेपो या साखळीत ‘पीसी हेल्थ चेक’ होई. सुरुवातीला ग्राहकाला चार प्रश्न विचारत: संगणक मंद आहे का, मध्येच बंद पडतो का, अशा प्रकारचे. त्यांतल्या एकाही चौकटीत खूण केली, तर पुढच्या तपासणीत काहीही निघो, अहवालात व्हायरसची लक्षणं दिसत. २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड करून ऑफिस डेपो आणि या तपासणीचं सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांनी मिळून ३.५ कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. २०२४ मध्ये सायप्रसच्या रेस्टोरो आणि रिइमेज या ‘पीसी दुरुस्ती’वाल्यांना २.६ कोटी डॉलर भरावे लागले. मधल्या काळात, मार्च २०१८ पासून, मायक्रोसॉफ्टने नियम केला की फुकट तपासणीतून भडक इशारे देऊन पैसे भरायला भाग पाडणारे क्लीनर विंडोज डिफेंडर काढून टाकेल.

यावर पहिला आक्षेप असा येईल की चोरांवरून सावांची परीक्षा करू नये. बरोबर आहे. प्रामाणिक क्लीनरही आहेत, पुण्याच्या क्विक हीलच्या संचातही पीसीट्यूनर नावाने रजिस्ट्री सफाईची सोय मिळत आली आहे. पण सर्वांत लोकप्रिय आणि बऱ्याच अंशी सरळमार्गी अशा सीक्लीनरचं काय झालं ते पाहा. ऑगस्ट २०१७ मध्ये हल्लेखोरांनी त्याच्या अधिकृत ५.३३ आवृत्तीतच मागचा दरवाजा घुसवला. ती कंपनीच्या खऱ्या डिजिटल सहीनिशी सुमारे २२.७ लाख संगणकांवर पोहोचली, आणि प्रकार उघड व्हायला सप्टेंबर उजाडला. क्लीनरला ॲडमिनिस्ट्रेटरचे पूर्ण अधिकार द्यावेच लागतात. जो फायदा मोजताही येत नाही, त्याच्यासाठी एवढी मोठी किल्ली आणखी एका हातात देणं मला पटत नाही.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: ‘क्लीनर चालवला आणि संगणक खरंच वेगात आला.’ तो खोटा नसतो. पण ही सॉफ्टवेअरं रजिस्ट्रीसोबत तात्पुरत्या फाइली पुसतात, सुरुवातीला आपोआप चालणारे प्रोग्रॅम बंद करतात आणि शेवटी संगणक रीस्टार्ट करायला लावतात. वेग येतो तो या तिन्हींतून, आणि तिन्ही गोष्टी विंडोजच्या आतूनच फुकट होतात. तिसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. जुना अँटिव्हायरस अर्धवट निघतो आणि नवा बसू देत नाही, तेव्हा दोष खरोखर रजिस्ट्रीत असतो. अशा वेळी त्या कंपनीचं स्वतःचं काढण्याचं साधन किंवा मायक्रोसॉफ्टचा इन्स्टॉल-अनइन्स्टॉल ट्रबलशूटर वापरावा. दुखणं एका जागी असताना सगळी रजिस्ट्री खरवडण्यात शहाणपण नाही.

इतकं असूनही कुणाला क्लीनर वापरायचाच असेल, तर सॉफ्टवेअर बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घ्यावं आणि इन्स्टॉल करताना सोबत येणाऱ्या इतर प्रोग्रॅमांच्या खुणा काढाव्यात. तपासणी फुकट आणि दुरुस्तीला पैसे मागत असेल, तर तिथेच थांबावं. सिस्टिम रिस्टोअर चालू आहे का ते आधी पाहावं, कारण अनेक संगणकांवर ते बंदच असतं, आणि विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून रजिस्ट्रीची आपोआप होणारी राखीव प्रतही बंद आहे. रिस्टोअर पॉइंट हाताने तयार करावा आणि रिकव्हरी पेन ड्राइव्ह जवळ ठेवावा. क्लीनरने जपलेली रेग फाइल विंडोज सुरूच झालं नाही तर फारशी कामाची नसते. ‘सर्व दुरुस्त करा’ हे बटण दाबू नये. यादी वाचावी आणि आपण स्वतः काढलेल्या प्रोग्रॅमचं नाव ज्या नोंदीत स्पष्ट दिसतं तेवढीच पुसावी. सामायिक डीएलएल आणि सीएलएसआयडीच्या नोंदींना हात लावू नये. दर आठवड्याची आपोआप सफाई बंद ठेवावी. पैसे मात्र यासाठी खर्चू नयेत. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली, तर तेच पैसे संगणकाच्या वेगासाठी खरोखर कामी येतील.