‘किंवा अन्य मार्गाने’: इंग्लंडमधल्या होमस्कूलिंग पालकांनी सरकारचं विधेयक कसं अडवलं?

८ डिसेंबर २००९. ब्रिटनच्या संसदेत, हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, दिवसाचं कामकाज संपत आलं होतं. अशा वेळी एखादा खासदार उठतो, आपल्या मतदारसंघातल्या लोकांचा अर्ज सादर करतो आणि सभापतींच्या खुर्चीमागे अडकवलेल्या हिरव्या पिशवीत तो टाकतो. त्या रात्री मात्र खासदारांची रांग लागली. प्रत्येकाच्या हातात वेगळ्या मतदारसंघाचा अर्ज होता, पण मागणी एकच होती: घरी शिकणाऱ्या मुलांवर नोंदणी आणि देखरेख लादणारे प्रस्ताव मागे घ्या.

हे अर्ज कुठल्या मोठ्या पक्षाने किंवा कामगार संघटनेने गोळा केले नव्हते. ते गोळा केले होते मुलांना शाळेत न पाठवता घरीच शिकवणाऱ्या पालकांनी. पुढच्या चार महिन्यांत सरकारला ती कलमं विधेयकातून काढावी लागली. साधी नोंदणी करायला या पालकांचा एवढा विरोध का होता? आणि तोच वाद आज पुन्हा का पेटला आहे?

इंग्लंडमध्ये मुलांना शाळेत घालणं सक्तीचं नाही?

नाही. तिथे शिक्षण सक्तीचं आहे, शाळा नाही.

१९९६च्या शिक्षण कायद्याचं सातवं कलम सांगतं की मुलाला त्याच्या वयाला, क्षमतेला आणि गरजांना साजेसं पूर्णवेळ शिक्षण मिळेल हे पाहणं पालकांचं कर्तव्य आहे. हे शिक्षण शाळेत नियमित जाऊन ‘किंवा अन्य मार्गाने’ देता येतं. हे शब्द १९४४च्या शिक्षण कायद्यापासून चालत आले आहेत. घरी शिकवणाऱ्यांचा सगळा कायदेशीर आधार त्यांच्यावरच उभा आहे. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या ‘एज्युकेशन अदरवाइज’ या पालकांच्या संस्थेने आपलं नावसुद्धा तिथूनच घेतलं.

या व्यवस्थेत पालकांना शिक्षकाची पदवी लागत नाही. सरकारी अभ्यासक्रम किंवा वेळापत्रक पाळायची सक्ती नाही. मूल शाळेत असेल तर मुख्याध्यापकांना पत्र देऊन नाव काढता येतं आणि शाळा ते स्थानिक कौन्सिलला कळवते. पण मूल कधी शाळेत गेलंच नसेल, तर आपण घरी शिकवतो आहोत हे कुणाला कळवण्याचं बंधन जुन्या कायद्यात नव्हतं.

म्हणजे कौन्सिलला काहीच करता येत नाही, असं नाही. मुलाला योग्य शिक्षण मिळत नाही असं वाटलं तर कौन्सिल पालकांकडे विचारणा करते. समाधान झालं नाही, तर मुलाला शाळेत दाखल करण्याचा आदेश काढते. अडचण अशी की ज्या मुलाबद्दल कौन्सिलला माहितीच नाही, त्याची चौकशी ती करणार कशी?

२००९ मध्ये नेमकं काय झालं?

जानेवारी २००९ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारमधले शिक्षणमंत्री एड बॉल्स यांनी घरच्या शिक्षणाचा आढावा घेण्याचं काम ग्रॅहम बॅडमन यांच्याकडे सोपवलं. बॅडमन यांनी केंट काउंटीत मुलांसाठीच्या सेवांचं प्रमुखपद सांभाळलं होतं. जून २००९ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्यात २८ शिफारशी होत्या.

त्यातल्या तीन शिफारशींवर पालक भडकले:

- घरी शिकवणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने दरवर्षी नोंदणी करावी आणि येत्या वर्षात काय शिकवणार हे लिहून द्यावं.
- कौन्सिलच्या अधिकाऱ्यांना घरात येण्याचा हक्क असावा.
- गरज वाटल्यास त्यांना मुलाशी एकट्याने बोलता यावं.

या आढाव्यावर बर्मिंगहॅममधल्या एका घटनेचं सावट होतं. मे २००८ मध्ये तिथल्या सात वर्षांच्या मुलीचा घरात उपासमारीने मृत्यू झाला होता. त्याआधी काही महिने घरी शिकवायचं कारण देऊन तिला शाळेतून काढण्यात आलं होतं. शाळेत रोज दिसणारं मूल घरात बंद झालं की त्याच्याकडे पाहणारं कुणी उरत नाही, ही सरकारची भीती होती आणि ती पोकळ नव्हती.

पालकांचा प्रश्न वेगळा होता. एका गुन्ह्यामुळे हजारो कुटुंबांकडे संशयाने का पाहायचं? शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी सुट्टीत कुणी तपासणीला येत नाही. मग आमच्याच घरी का?

यादी की परवाना?

नोव्हेंबर २००९ मध्ये सरकारने ‘मुले, शाळा आणि कुटुंबे’ विधेयक मांडलं. वादाचं मूळ याच विधेयकाच्या रचनेत आहे.

नोंदणी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एक यादी येते. नाव, वय, पत्ता, विषय संपला. विधेयकातली नोंदणी तशी नव्हती. पालकांनी देखरेखीला सहकार्य केलं नाही, तर कौन्सिलला नोंदणी नाकारता किंवा रद्द करता येणार होती. आणि नोंदणी गेली की पुढचं पाऊल म्हणजे मुलाला शाळेत घालण्याचा आदेश.

म्हणजे कागदावर ती नोंदणी होती, प्रत्यक्षात तो परवाना होता. घरी शिकवणं हा आजवर पालकांचा हक्क होता. आता तो दरवर्षी अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहणार, अशी त्यांची भावना झाली. अधिकाऱ्याने दार ठोठावलं तर कायद्याने ‘नाही’ म्हणता येईल, पण ‘नाही’ म्हटल्यावर नोंदणीच जाणार असेल तर त्या नकाराला अर्थ काय, असा त्यांचा सवाल होता.

पालकांनी लढा कसा उभा केला?

घरी शिकवणारी कुटुंबं हा काही एकसंध गट नव्हता. कुणी धार्मिक कारणांसाठी घरी शिकवत होतं, तर कुणी शाळेच्या चौकटीलाच विरोध म्हणून. अनेक मुलं ऑटिझममुळे किंवा शाळेतल्या छळामुळे घरी आली होती. कौन्सिलना माहीत असलेली मुलं सुमारे २० हजार होती, पण खरा आकडा त्याच्या कित्येक पट असू शकतो, असं खुद्द बॅडमन अहवालच म्हणत होता. एवढ्या विखुरलेल्या लोकांनी मुख्यतः तीन गोष्टी केल्या.

पहिली गोष्ट, आकडे तपासले. घरी शिकणाऱ्या मुलांमध्ये समाजसेवा विभागाला माहीत असलेल्यांचं प्रमाण जास्त आहे, असं अहवालात म्हटलं होतं. पालकांनी ब्रिटनच्या माहिती अधिकार कायद्याखाली कौन्सिलना अर्ज केले आणि हे आकडे आले कुठून ते विचारलं. त्यांचा आक्षेप असा होता की ‘विभागाला माहीत’ याचा अर्थ ‘धोक्यात’ असा होत नाही. अपंग मुलाला मदत मिळत असेल तरी ते विभागाला माहीत असतंच. अहवाल आल्यानंतर बॅडमन यांनी कौन्सिलकडून आणखी माहिती मागवली, तेव्हा आधीचा पाया कच्चा होता या आक्षेपाला जोर आला.

दुसरी गोष्ट, त्यांनी आपापला खासदार गाठला. लंडनमध्ये एकच मोठा मोर्चा काढण्यापेक्षा प्रत्येक मतदारसंघातून वेगळा अर्ज पाठवण्यावर भर दिला गेला. या विषयाबद्दल फारसं ऐकलेलंही नसलेल्या खासदारांना त्यांच्याच मतदारांच्या सह्या दिसल्या. हुजूर पक्षाचे खासदार ग्रॅहम स्टुअर्ट यांनी संसदेत या मोहिमेची बाजू लावून धरली. ८ डिसेंबरची रांग त्यातूनच लागली.

तिसरी गोष्ट, संसदीय समितीसमोर ते आपली बाजू घेऊन गेले. शिक्षणविषयक निवड समितीने या अहवालाची वेगळी चौकशी केली. डिसेंबर २००९ मध्ये समितीने सुचवलं की नोंदणी आधी ऐच्छिक ठेवून पाहावी. समितीत सत्ताधारी पक्षाचं बहुमत असूनही हा सल्ला आला, त्यामुळे तो सरकारला बोचणारा होता.

सगळे पालक एका बाजूला होते का?

नाही. काही पालकांना साध्या नोंदणीचं वावडं नव्हतं. त्याबदल्यात सरकारने काही द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं. घरी शिकवायचं ठरवलं की सगळा खर्च कुटुंबावर येतो. दहावीच्या तोडीची जीसीएसई परीक्षा द्यायची तर शुल्क स्वतः भरावं लागतं. शिवाय बाहेरच्या विद्यार्थ्याला बसू देणारं परीक्षा केंद्र शोधावं लागतं. अशी मदत मिळणार असेल तर यादीत नाव द्यायला हरकत काय, असं ते विचारत.

दुसऱ्या गटाचं मत होतं की एकदा यादी झाली की अटी वाढतच जातील. सुरुवात नावाने होईल, शेवट अभ्यासक्रमाने. या गटाचा आवाज मोठा होता.

विधेयकाचं पुढे काय झालं?

एप्रिल २०१० मध्ये निवडणूक जाहीर झाली. ब्रिटनमध्ये संसद बरखास्त होण्याआधी अर्धवट राहिलेली विधेयकं उरकण्यासाठी सरकार आणि विरोधक वाटाघाटी करतात. याला ‘वॉश-अप’ म्हणतात. ज्या कलमांवर एकमत होतं ती मंजूर होतात, बाकीची गळतात. हुजूर पक्षाने घरच्या शिक्षणाच्या कलमांना पाठिंबा नाकारला आणि ती गळली. विधेयकाचा उरलेला भाग कायदा झाला.

विजय पालकांचा होता, पण त्यात घड्याळाचाही वाटा होता. निवडणूक वर्षभर लांब असती, तर सरकारकडे ती कलमं रेटायला पुरेसं बहुमत होतं. पालकांच्या मोहिमेमुळे एक गोष्ट नक्की झाली: विरोधी पक्षाला या कलमांवर तडजोड करणं महाग पडलं असतं.

बर्मिंगहॅमच्या मुलीबद्दल चौकशीत काय निघालं?

जुलै २०१० मध्ये, म्हणजे कलमं गळून गेल्यावर, त्या मृत्यूचा चौकशी अहवाल प्रसिद्ध झाला. हा मृत्यू टाळता आला असता, असा त्याचा निष्कर्ष होता. शाळेच्या कर्मचाऱ्यांनी मुलीबद्दल काळजी व्यक्त केली होती. पण ज्यांनी पाऊल उचलायचं, त्या यंत्रणांनी ती वेळेत आणि गांभीर्याने घेतली नाही.

दोन्ही बाजूंनी हा अहवाल आपल्या बाजूने वाचला. पालक म्हणाले, यंत्रणेला मूल माहीत होतं, अधिकारही होते, मग नव्या नोंदणीने काय साधलं असतं? नोंदणीचे समर्थक म्हणाले, शाळा सुटली आणि तिच्यावर नजर ठेवणारी शेवटची जागाही संपली. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

आता पुन्हा वाद का?

आकडे बदलले आहेत. शिक्षण विभागाच्या माहितीनुसार २०२४च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये अंदाजे १ लाख ११ हजार ७०० मुलं घरी शिकत होती. कोविडनंतर ही वाढ ठळकपणे दिसते आणि पालक सांगत असलेल्या कारणांमध्ये मुलांचं मानसिक आरोग्य वरच्या क्रमांकावर आहे.

२०२२ मध्ये हुजूर पक्षाच्याच सरकारने नोंदणीची तरतूद असलेलं शाळा विधेयक आणलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते मागे घेतलं. बारा वर्षांपूर्वी नोंदणीला नकार देणारा पक्ष आता स्वतः ती आणू पाहत होता.

मग २०२३ मध्ये वोकिंग शहरात दहा वर्षांच्या एका मुलीचा खून झाला. घरी शिकवायचं सांगून तिला काही महिन्यांपूर्वी शाळेतून काढलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये तिचे वडील आणि सावत्र आई दोषी ठरले. त्याच महिन्यात मजूर पक्षाच्या सरकारने ‘मुलांचे कल्याण आणि शाळा’ विधेयक मांडलं. शाळेत नसलेल्या मुलांची सक्तीची नोंदवही त्यात आहे. ज्या मुलाबाबत बालसंरक्षणाची चौकशी चालू आहे, त्याला शाळेतून काढायला कौन्सिलची परवानगी लागेल, अशीही तरतूद आहे. मार्च २०२५ मध्ये कॉमन्सने विधेयक मंजूर करून लॉर्ड्सकडे पाठवलं.

पालकांनी पुन्हा अर्ज, पत्रं आणि भेटींचा मार्ग धरला. पण मुद्दा थोडा सरकला आहे. चौकशी चालू असलेल्या मुलाच्या बाबतीत परवानगी घ्यायला लावणं अनेकांना पटतं. आक्षेप आहे तो मुलाला कोण, कुठे आणि किती वेळ शिकवतं याचा तपशील प्रत्येक कुटुंबाकडून मागण्यावर.

भारतात काय स्थिती आहे?

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याचं दहावं कलम सांगतं की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकांचं कर्तव्य आहे. इंग्लंडच्या कायद्यातले ‘किंवा अन्य मार्गाने’ हे शब्द आपल्या कायद्यात नाहीत. मात्र मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला शिक्षेची तरतूदही त्यात नाही. त्यामुळे घरी शिकवणारी कुटुंबं ना परवानगी ना बंदी अशा मधल्या जागेत आहेत. परीक्षेसाठी ती एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडे जातात. महाराष्ट्रात खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसण्यासाठी ‘१७ नंबरचा फॉर्म’ भरायची वाटही आहे.

इंग्लंडमधल्या पालकांना कायद्याने आधीच दिलेली जागा राखायची आहे. भारतात घरी शिकवणाऱ्यांना ती जागा कायद्याने अजून स्पष्ट शब्दांत दिलेलीच नाही.