मुंबई–कोकण सायकलसफर मार्ग

दक्षिण व मध्य मुंबईतील गिरगाव, दादर, परळ, लालबाग या वस्त्यांतून निघून रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांच्या किनाऱ्याने जाणारे सायकल-पर्यटनाचे मार्ग. भाऊचा धक्का–मांडवा–अलिबाग–मुरुड हा त्यांतील मुख्य मार्ग. तोच पुढे दिघी, श्रीवर्धन, दापोली, गुहागर असा रत्नागिरीपर्यंत जातो. उत्तरेकडील वसई आणि पूर्वेकडील बोरघाट व कसारा घाट या वाटाही जुन्या आहेत. परंतु निसर्ग, इतिहास आणि बेताची रहदारी यांचा विचार करता किनाऱ्याच्या मार्गाची बरोबरी त्यांना करता येत नाही.

या मार्गाचे सारे महत्त्व मुंबईच्या बेटपणात आहे. दादरहून अलिबागला जमिनीने जायचे तर शीव, वाशीचा पूल, पनवेल, कर्नाळा, पेण, वडखळ असे सुमारे १०० किलोमीटर पडतात. त्यातला पनवेलपर्यंतचा टप्पा कंटेनर-ट्रेलरच्या रहदारीचा असून सायकलस्वाराला तो धोक्याचा आहे. पाण्याने मात्र पलीकडचा किनारा तासाभरावर येतो, आणि मांडव्याला उतरल्यावर अलिबाग अवघे २० किलोमीटर राहते. लालबाग किंवा परळहून पहाटे निघालेला माणूस माझगावच्या बाजूने भाऊच्या धक्क्याला पोचतो आणि उन्हे चढण्याआधी नारळी-पोफळीच्या वाडीत असतो. १५ मार्च २०२० पासून धक्का ते मांडवा अशी वाहने नेणारी रो-रो बोट सुरू झाली, तेव्हापासून सायकल चढवणे सोपे झाले आहे. रेवसला जाणाऱ्या लाकडी लाँचवर ती हातांनी उचलून घ्यावी लागते.

मुंबईतील लांब पल्ल्याच्या सायकलप्रवासाची परंपरा याहून खूप जुनी आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण मुंबईहून जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी ती पुरी केली. इराण, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे सुमारे ७१,००० किलोमीटर अंतर काटून ते मार्च १९२८ मध्ये परतले. गिअर नसलेल्या जड सायकली आणि कित्येक ठिकाणी रस्ताच नाही, अशा स्थितीत झालेला हा प्रवास आहे. मराठी वाचकांत तो अजून पुरेसा ठाऊक नाही, हे खेदाचे आहे.

किनाऱ्याच्या वाटेला दुसराही एक वारसा आहे, तो चाकरमान्यांचा. परळ-लालबागच्या गिरणगावातील हजारो कामगार कोकणातून आलेले, आणि गणपती-शिमग्याला गावी जाण्याचा त्यांचा एक रस्ता याच धक्क्यावरून होता. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येला, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांतली बहुतेक माणसे सणासाठी घरी निघाली होती. आज ज्या पाण्यावरून सायकली सहलीला जातात, ते गिरणगावाने असे ओळखलेले आहे. या मार्गाच्या नोंदीत ही आठवण असायलाच हवी.

मांडव्याहून रस्ता चोंढी, किहीम, थळ असा झाडीतून जातो. गिरगावातल्या खेतवाडीत वाढलेले पक्षितज्ज्ञ सलीम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या वीणकाळाचा प्रसिद्ध अभ्यास किहीमला केला. जवळच्या नवगावला बेने इस्राएल समाजाची जुनी दफनभूमी व स्मारक आहे. जहाज फुटून या किनाऱ्याला लागलेले आपले पूर्वज येथेच विसावले, अशी या समाजाची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा व्यवसाय करणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या या लोकांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत.

अलिबागला कान्होजी आंग्रे यांची समाधी आणि ओहोटीला पायी गाठता येणारा कुलाबा किल्ला आहे. किल्ल्यावर जायचे तर आधी भरती-ओहोटीची वेळ विचारावी आणि सायकल किनाऱ्यावर कुलूप लावून ठेवावी. येथील चुंबकीय वेधशाळा पाहण्यासारखी आहे. ती मूळची मुंबईच्या कुलाब्याची. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असे ठरल्यावर त्या प्रवाहाने नाजूक नोंदी बिघडतील, म्हणून नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली १९०४ मध्ये वेधकार्य अलिबागला आणले गेले.

अलिबाग ते रेवदंडा हा १७ किलोमीटरचा टप्पा सबंध मार्गातला सर्वांत समृद्ध आहे आणि घाईने काटण्याचा नाही. अक्षीचा शिलालेख रस्त्यालगतच्या वस्तीत आहे. शिलाहार राजा केशिदेवाचे नाव असलेला आणि शके ९३४ चा म्हणून वाचला गेलेला हा लेख मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो. पुढे नागाव, मग चौल. ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेले हे बंदर आज वाड्या, पोखरणी आणि देवळांचे शांत गाव आहे. रामेश्वराचे देऊळ व समोरची पुष्करणी, डोंगरावरचे दत्तमंदिर, झाडीत लपलेली मुसलमानी काळातील बांधकामे हे सारे सायकलच्या वेगाने दिसते, मोटारीच्या नाही. रशियन प्रवासी अफानासी निकितिन १४६९ च्या सुमारास याच बंदरात उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. रेवदंड्याच्या पोर्तुगीज तटाच्या आत आजही माडांच्या बागा आणि घरे आहेत. रस्ताच तटातून जातो.

कुंडलिका खाडीवरचा साळावचा पूल ओलांडला की कोर्लई लागते. किल्ला टोकाला, पायथ्याशी दीपगृह आणि गावात पोर्तुगीज व मराठीच्या संसर्गातून घडलेली बोली. ती ‘नौ लिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ या नावाने ओळखली जाते. यापुढे काशीद, नांदगाव करत मुरुडपर्यंत चढ-उतार सुरू होतात. एकेक चढ लहानच असला तरी एकामागून एक येतात आणि सामान लादलेल्या सायकलवर मांड्या भरून येतात. अलिबाग–मुरुड अंतर सुमारे ५० किलोमीटर आहे. राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहता येतो. सिद्द्यांचा हा जलदुर्ग मराठ्यांना कधी घेता आला नाही. त्याच्यावर वचक ठेवण्यासाठी शिवाजी महाराजांनी बांधलेला पद्मदुर्ग समोर समुद्रात दिसतो.

मुरुडहून परत फिरल्यास दोन-तीन दिवसांत सफर होते. पुढे रत्नागिरी गाठायची तर आणखी चार-पाच दिवस हाताशी हवेत. या भागात खाड्याच प्रवासाला आकार देतात. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या चारही ठिकाणी सायकल फेरीबोटीत चढवून खाडी ओलांडायची. वाटेत दिवेआगर, पेशवे बाळाजी विश्वनाथांचे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाने नावारूपाला आलेले वेळास, हर्णैचा मासळीचा लिलाव व सुवर्णदुर्ग, महर्षी कर्व्यांचे (रत्नागिरी जिल्ह्यातले) मुरुड आणि केशवसुतांचे मालगुंड येते. शेवट रत्नागिरीला, लोकमान्य टिळकांच्या जन्मगावी. गिरगावकरांना याचे विशेष अगत्य वाटावे, कारण १ ऑगस्ट १९२० रोजी टिळकांना शेवटचा निरोप गिरगाव चौपाटीवर दिला गेला. परतीसाठी कोकण रेल्वेने दादरला येता येते. सायकल लगेज म्हणून नोंदवून गार्डच्या डब्यात घालावी लागते.

वसईचा मार्ग मार्वे–मनोरी तरीने गोराई, उत्तन, भाईंदर असा जातो. भाईंदरहून वसईला २०२४ पासून रो-रो बोट आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला किल्ला आणि पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उत्खनन केलेला सोपाऱ्याचा स्तूप एका दिवसात पाहून होतो. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० चा. धनगर शिंग्रोबाचे देऊळ या घाटात आहे आणि खोपोलीला नाना फडणवीसांचे तळे. द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे आणि घाटात जुना रस्ता काही अंतर त्याच मार्गाला मिळतो, त्यामुळे पुण्याची ही सुमारे १५० किलोमीटरची वाट अनुभवी स्वारांनीच धरावी. कसारा घाटाने नाशिकला जाणाऱ्या रस्त्यावर अवजड वाहतूक फार आहे.

सफरीचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या दिवसांत दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा वारा येतो आणि दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो पाठीवर घेता येतो. म्हणून मुंबईहून रत्नागिरी ही दिशा सोयीची, उलटी नाही. पावसाळ्यात गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणारी बोटसेवा बंद असते आणि फेरीबोटी खवळलेल्या खाडीवर अवलंबून राहतात. टायर थोडे रुंद असावेत, कारण गावांतले रस्ते जागोजाग उखडलेले व तांबड्या खडीचे आहेत. दोन जादा ट्यूब, पंप आणि साखळीचे तेल जवळ ठेवावे. गावोगाव पंक्चर काढणारा भेटतो, पण गिअरच्या सायकलीचे भाग अलिबाग सोडल्यावर सहज मिळत नाहीत. जेवणाची चिंता नाही. घरगुती खानावळींत आधी सांगून ठेवले की ताट तयार असते.

१२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी–न्हावाशेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. परळ-लालबागच्या दारात सुरू होणाऱ्या या पुलावर सायकलला, इतकेच नव्हे तर मोटारसायकललाही, प्रवेश नाही. वांद्रे–वरळी सागरी सेतूवरही सायकलला बंदी आहे. रेवस–करंजा खाडीवर आणि सागरी महामार्गाच्या पुढच्या खाड्यांवर आता पुलांची कामे हाती घेतली आहेत. पूल झाले की फेरीबोटी टिकतील याचा भरवसा नाही. पुलावर सायकलला मज्जाव आणि खाली बोट नाही, असे घडले तर शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात असलेली ही पाण्याची वाट सायकलस्वारांना कायमची बंद होईल. शासनाने या प्रत्येक पुलाच्या आराखड्यातच सायकलची स्वतंत्र मार्गिका धरावी, आणि ती होईपर्यंत धक्क्यावरच्या लाँच व फेरीबोटी चालू ठेवाव्यात.